गोगलगाय नि पोटात पाय

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला येथे उभे केले आहे खरे, पण माझे पाय लटपटत आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. त्यापुढे शाळा सुटली, घरकाम हाती आले, आणि 2000 साली लग्न होऊन मी हट्ट्यास आले. चार माणसांपुढे बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही शेवंतीवर बोला." मी म्हटले, "शेवंतीवर काय बोलायचं? लावायची नि पाणी घालायचं." तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग गोगलगाईवर बोला. त्यात तुमचा हात कोण धरणार?" त्या का हसल्या हे आपल्या गल्लीला ठाऊक आहे. बाकीच्यांना ते पुढे कळेलच.

प्रथम शेवंतीचे सांगते. लग्नात आईने मला पाठवणीच्या वेळी तेलाच्या रिकाम्या डब्यात पांढऱ्या शेवंतीचे एक पिल्लू लावून दिले. चार बोटांचे रोप होते. बसच्या प्रवासात ते मांडीवर धरून बसले, म्हणून नव्या नवरीची सगळ्यांनी थट्टा केली. आई 2016 साली गेली. भावांनी जुने घर पाडून नवे बांधले, त्यात अंगण राहिले नाही. आईच्या शेवंतीचा वंश आता माझ्या दारातच काय तो उरला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केले ते कोणत्या भीतीने केले हे कळावे.

शेवंती एकदा लावली की वर्षानुवर्षे राहते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. जुने खोड दोन-तीन वर्षांत दमते, मग फुले बारीक येतात. शेवंती राहते ती आपल्या पिल्लांच्या रूपाने. पौषात फुले संपली की वाळलेल्या काड्या जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटाव्या. थोड्याच दिवसांत बुडाशी कोवळे फुटवे येतात. फाल्गुनात ते मुळासकट अलगद सोडवून घ्यावे आणि एकेक वेगळे लावावे.

येथे पुष्कळ जणींची एक चूक होते. माझीही झाली होती. रोप मोठे व्हायचे आहे, मग एकदम मोठ्या कुंडीतच लावू, म्हणजे पुन्हा हलवायला नको, असे आपल्याला वाटते. पण लहान रोपाची मुळे एवढीशी आणि माती घमेलेभर. तेवढ्या मातीतले पाणी ते पिणार कसे? माती दिवसेंदिवस ओली राहते, आंबते, मुळे कुजतात. तान्ह्या मुलाला कोणी परातभर भात वाढते काय? तसेच हे. म्हणून पहिले बिऱ्हाड चहाच्या मोठ्या पेल्याएवढे असावे. दुधाची पिशवीही चालते, मात्र तिला खाली भोके हवीत. खालच्या भोकातून पांढरी मुळे डोकावू लागली की रोप चार इंची कुंडीत न्यावे. मृगाच्या सुमारास सहा इंची आणि श्रावणाच्या आत आठ किंवा दहा इंची कुंडीत. प्रत्येक वेळी एकच पायरी चढवावी.

माती आपल्याकडची काळी. शेतात ती सोन्यासारखी आहे. हळद, सोयाबीन, कापूस सारे तीच देते. पण कुंडीत नुसती काळी माती घातली तर पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात ती भेगाळते. म्हणून एक वाटा काळी माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा जाड वाळू किंवा बारीक मुरूम असे मिसळावे. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. चैत्र-वैशाखात पिल्ले लिंबाच्या विरळ सावलीत ठेवावी. आषाढात रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी फुले. दिवस लहान होऊ लागला की शेवंतीला कळ्या धरतात. रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडेल अशा जागी कुंडी ठेवू नये. रात्र झालीच नाही असे झाडाला वाटते आणि कळ्या लांबतात.

अशी माझी शेवंती वीस-बावीस वर्षे बरी चालली होती. मग 2022 चा पावसाळा आला. त्या जुलैत लातूर, बीड आणि उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे मोड रातोरात फस्त केले, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे आपण सर्वांनी ऐकलेच असेल. त्याच पावसाळ्यात आमच्या अंगणात त्या मी प्रथम पाहिल्या. मुरूम-मातीची एक ट्रॉली आम्ही भरावासाठी आणवली होती. तिच्यातूनच त्यांची अंडी आली असावी असे मला वाटते. शेणखत, भरावाची माती, विकत आणलेल्या रोपाचा मातीचा गोळा, यांच्याबरोबर ही पीडा घरात येते. म्हणून कोणतेही नवे रोप आणले की आठ दिवस वेगळे ठेवावे आणि त्याचा गोळा उलटसुलट पाहावा.

ही मोठी शंखी गोगलगाय आपल्या देशची नव्हेच. मूळ ती पूर्व आफ्रिकेतली. मॉरिशस बेटावरून आणलेल्या गोगलगाई 1847 साली कलकत्त्याच्या चौरंगी भागात एका बागेत सोडल्या गेल्या, आणि तेथून त्यांचा आपल्या देशात प्रसार झाला. शंख लांबट, टोकदार, त्यावर तपकिरी पट्टे. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एका वेळी शंभर ते चारशे अंडी ती ओल्या मातीत घालते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी ती दिसतात. तिच्या जिभेवर किसणीसारखे हजारो बारीक दात असतात, त्यांनी ती पान खरवडून खाते. उन्हाळ्यात ती मातीत किंवा दगडाखाली शिरून शंखाच्या तोंडावर पांढरे झाकण लावून घेते आणि महिनेच्या महिने झोपून काढते. आपल्याला वाटते, गेली एकदाची! पहिला पाऊस पडला की बाई पुन्हा हजर. तिच्याबरोबर बिनशंखाची लहान, चिकट गोगलगाय असतेच. ती कुंडीच्या बुडाशी, भोकाच्या आत बसते. दिवसा शोधून सापडत नाही आणि पहाटे पाहावे तो शेंडा गायब.

शेजारणी जे जे सांगत गेल्या ते ते सर्व मी करून पाहिले. कोणी म्हणाले, मीठ टाका. मी मूठ मूठ मीठ कुंड्यांच्या कडेने पेरले. गोगलगाई मेल्या हे खरे, पण पावसाने ते मीठ मातीत उतरले आणि सात कुंड्यांतली शेवंती करपून गेली. तेव्हापासून कान धरला. मीठ बादलीत घालावे, कुंडीत कधीही नाही. कोणी सांगितले, अंड्यांची टरफले चुरून पसरा, टोचतील म्हणून त्या येणार नाहीत. त्या टरफलांवरून खुशाल चालत गेल्या! माझी मुलगी मोबाइलवर वाचून सांगते की इंग्लंडातल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 साली टरफले, तांब्याची पट्टी, जाड रेती वगैरे पाच उपाय पारखून पाहिले आणि एकानेही रोपांचे नुकसान कमी झाले नाही. राख आणि चुना कोरडे असेपर्यंत काम देतात, पण गोगलगाय येते पावसात आणि पावसात राख कोरडी राहत नाही. पालापाचोळ्याचे आच्छादन मी ओल टिकावी म्हणून घातले होते. त्याखाली त्यांना घरच मिळाले.

आता मी जे सांगणार आहे ते शेजारच्या काकूंची परवानगी घेऊन सांगते. त्या समोर बसल्याच आहेत.

मारण्याचे धाडस मला होत नव्हते. म्हणून जेवणे उरकली की मी बॅटरी आणि चिमटा घेऊन अंगणात जात असे, एकेक गोगलगाय उचलून टोपल्यात घालीत असे, आणि कोणी पाहत नाही असे बघून टोपले भिंतीपलीकडे रिकामे करीत असे. पलीकडे कोणाचे अंगण आहे हे मला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. जीव मारला नाही, पाप लागले नाही, असे मी मनाला सांगत होते. दुसऱ्या दिवशी काकू भेटल्या की "काय चाललंय काकू?" म्हणून गोड बोलत होते. 2022 चा सारा पावसाळा मी असा काढला.

2023 च्या चैत्रात आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण साखरफुटाण्यांबरोबर प्रत्येकीला शेवंतीचे एक रोप वाण म्हणून दिले होते. ती एकतीस रोपे माझ्याच आईच्या शेवंतीची होती. आईची शेवंती एकतीस घरी गेली म्हणून मला केवढा आनंद झाला होता! पाऊस सुरू झाला आणि एकेक जण सांगत आली, "वहिनी, माझं गेलं." "माझ्या कुंडीत नुसती काडी राहिली." गणपतीपर्यंत एकतिसांतली नऊ उरली. थोडी उन्हाने गेली होती, बाकीची गोगलगाईंनी नेली.

त्या साली श्रावण अधिक आला होता. काकूंचा अधिक महिनाभर विष्णूला तुळस वाहण्याचा नेम होता. त्यांचे वृंदावन आमच्या भिंतीला लागून आहे. एका सकाळी पाहतात तो तुळशीच्या नुसत्या काड्या. काकू पायरीवर बसून रडल्या. मी भिंतीवरून पाहत होते. "अगं बाई, असं कसं झालं हो?" असेही मी विचारले. आज ते आठवले की माझी मलाच शरम वाटते.

पण चोरी फार दिवस लपत नाही. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. इंग्लंडात डेव्हन येथे राहणाऱ्या रूथ ब्रुक्स नावाच्या एक आजीबाई आहेत. शेजारी नेऊन टाकलेल्या गोगलगाई आपल्याच बागेत परत येतात काय, हे त्यांनी शंखांवर खुणा करून पाहिले, आणि 2010 साली बीबीसीच्या रेडिओवर हौशी संशोधकांच्या स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. मुलीने हे वाचले आणि हट्ट धरला, आपणही करू. तिने दहा गोगलगाईंच्या शंखांवर लाल नखपॉलिशचे ठिपके दिले. मी तिला म्हटले, "टाकायचं काम माझं." कोठे टाकते ते मात्र मी तिला सांगितले नाही. चार दिवसांत चार ठिपकेवाल्या पुन्हा आमच्याच कुंड्यांखाली सापडल्या. मुलगी टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात दारात काकू उभ्या. हातात केराची सुपली, सुपलीत एक गोगलगाय, आणि तिच्या पाठीवर लाल ठिपका.

काकू म्हणाल्या, "ही नखपॉलिश लावून नटलेली सून कुणाच्या घरची गं? माझ्या वृंदावनात राहायला आलीय."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. मुलगी मात्र सरळ बोलून गेली, "आमची आहे आजी. आईनं टाकली असंल." काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिले, सुपली खाली ठेवली आणि निघून गेल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते. पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आपल्याकडे कोणी वरून भोळी आणि आतून कावेबाज असली तर म्हणतात, "गोगलगाय नि पोटात पाय." ती म्हण गोगलगाईला उगाच लावली आहे. तिचा पाय खरोखरच पोटाखाली असतो, पोटाने ती चालते, त्यात लबाडी कसली? म्हण लागू पडत होती ती मला.

शेवटी मी तुळशीचे एक रोप कुंडीत लावून काकूंच्या दारी गेले आणि सगळे कबूल केले. काकूंनी रोप घेतले नाही. म्हणाल्या, "रोप ठेव तुझ्याजवळ. इथं लावलं तर आजच्या रात्रीत खलास होईल. आधी या गोगलगाईंचं काय करायचं ते सांग." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? मीसुद्धा मागच्या अंगाला, नाल्याकडं फेकत होते." नाल्याकडे कोणाचे घर आहे? आपल्या चिटणीसबाईंचे! त्या का हसल्या हे आता सर्वांना समजले असेल.

त्या दिवशी आम्हा दोघींना एक गोष्ट पटली. गोगलगाय भिंत मानीत नाही. माझे अंगण मी कितीही स्वच्छ केले आणि शेजारी ढिगारा राहिला, तर आठ दिवसांत पुन्हा होते तसेच. चूल एकटीची राखता येते, कुंडी एकटीची राखता येत नाही. परभणीचे आपले कृषी विद्यापीठही शेतकऱ्यांना हेच सांगते की गोगलगाईंचा बंदोबस्त सर्वांनी मिळून, एकाच वेळी करावा. शेताला जो नियम तोच गल्लीला.

2024 चा मृग लागण्यापूर्वी आम्ही आठ घरच्या बाया काकूंच्या ओसरीवर जमलो. प्रथम भिंतींच्या कडेचे विटा-दगडांचे ढिगारे, फुटके माठ, सडके ओंडके हलवले. त्यांच्याखाली पांढरी झाकणे लावून झोपलेल्या गोगलगाई निघाल्या, त्या वेचल्या. पावसाला सुरुवात झाल्यावर ओल्या मातीत साबुदाण्यासारख्या अंड्यांचे घोसही सापडले. त्यांवर कढत पाणी ओतले. मग पंधरा दिवस रोजचा नेम धरला. दिवस मावळताना प्रत्येक घरी गोणपाटाचा एक तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवून कुंड्यांजवळ पसरायचा. त्याखाली पपईची पाने किंवा कोबीचा पाला टाकला तर अधिक चांगले. रात्री नऊ वाजता एकदा आणि पहाटे उजाडण्यापूर्वी एकदा बॅटरी घेऊन गोणपाट उचलून पाहायचे. ज्या सापडतील त्या दाट साबणाच्या, मूठभर मीठ घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, आणि सकाळी गावाबाहेर खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. पहिल्या रात्री आठ घरांच्या मिळून दोन बादल्या भरल्या. पंधराव्या रात्री एक डबासुद्धा भरला नाही.

हे करताना हात उघडे ठेवू नयेत. हातमोजे नसले तर दुधाची रिकामी पिशवी हातात चढवावी. या गोगलगाईंत उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीची पिल्ले असू शकतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. म्हणून मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावे, आणि पावसाळ्यात मेथी, कोथिंबीर, पालक पानन् पान धुऊन घ्यावी. शेतासाठी मेटाल्डिहाइड नावाच्या विषाच्या गोळ्या सांगतात. परंतु कुत्री-मांजरे आणि कोंबड्या त्या खातात आणि मरतात, तान्ह्या मुलाच्या हाती लागल्या तर काय होईल ते बोलवत नाही. दहा कुंड्यांसाठी अंगणात विष आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्यात एक प्रश्न निघाला, तो सांगितला पाहिजे. गल्लीतल्या एक आजी माळकरी आहेत. त्या म्हणाल्या, "बायांनो, बादलीभर जीव मारता, हे मला बघवत नाही." कोणी त्यांना हसले नाही. काकूच म्हणाल्या, "आजी, आम्हालाही सुख वाटत नाही. पण भिंतीपलीकडं टाकणं हे पुण्य नव्हे, ते आम्ही करून पाहिलं." मग असे ठरले की आजींनी मारण्याच्या कामात पडू नये, त्यांनी दिवसा कुंड्या उचलून खाली काही बसले आहे काय ते पाहावे आणि ढिगारे होऊ देऊ नयेत. खरे सांगायचे तर त्यांच्याच कामाने सर्वांत जास्त गुण आला. लपायला जागा नसली तर मारायलाही फारसे उरत नाही. जून महिन्यात एक गोगलगाय वेचली की पुढच्या शेकडो वेचाव्या लागत नाहीत. आणि प्रत्येक शंख शत्रूचा नसतो. सडका पाला खाणाऱ्या बारीक देशी गोगलगाई कुंडीचे काही बिघडवीत नाहीत, त्यांना सोडून द्यावे.

कुंड्यांच्या मांडणीतही आम्ही फरक केला. पूर्वी मी संध्याकाळी पाणी घालीत असे. त्यामुळे माती ऐन रात्री ओली राहायची आणि गोगलगाईंना आयतीच वाट मिळायची. आता सकाळी घालते, संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. लहान रोपे जमिनीवर न ठेवता विटांवर फळी टाकून कमरेइतक्या उंचीवर ठेवते, भिंतीला किंवा वेलीला कुंडी टेकू देत नाही, आणि चार दिवसांतून एकदा प्रत्येक कुंडी उचलून बूड पाहते. रोप वीतभर होऊन खोड जरा निबर झाले की धोका पुष्कळ कमी होतो. कोवळेपणीचे दोन महिने काय ते डोळ्यांत तेल घालून जपायचे. मोठ्या कुंडीची घाई करू नये, असे जे मी आधी सांगितले, त्याचा हाही फायदा आहे. लहान कुंडी उचलून पाहता येते, फळीवर ठेवता येते, मुसळधार पावसात घरात घेता येते.

2024 च्या चैत्रात उरलेल्या नऊ झाडांच्या पिल्लांपासून मी पुन्हा तीस रोपे केली आणि मंडळाने ती वाटली. त्यांतली चोवीस मार्गशीर्षात फुलली. सहा गेली, दोघींची वानरांनी, एकीची शेळीने खाल्ली, तिघींनी पाणी घालायचे विसरल्याचे कबूल केले. गोगलगाईने एकही नेले नाही असे मी म्हणत नाही, पण तसे नाव कोणी घेतले नाही. काकूंच्या वृंदावनात ती तुळस आता कमरेएवढी झाली आहे. आणि काकू रात्री नऊ वाजता भिंतीवरून हाक मारतात, "ए नखपॉलिशवाले, बॅटरी घेतलीस का?" ती हाक ऐकल्याशिवाय मला आता झोप येत नाही.

भगिनींनो, आईने मला एक पिल्लू दिले होते, ते माझ्या एकटीच्या दारात राहिले असते तर 2022 सालीच संपले असते. नऊ घरी उरले म्हणून ते आज आहे. त्यांतली बरीच घरे अशी होती की जिकडे मी भिंतीवरून गोगलगाई टाकल्या नव्हत्या! हे ध्यानात ठेवून आपण सर्वांनी येत्या मृगापूर्वी आपापल्या गल्लीत आठ-दहा घरांचा असा मेळ घालावा, आणि कोणी शेजारीण भिंतीजवळ टोपले घेऊन उभी दिसली तर तिला रागावू नये, बादली द्यावी, एवढी माझी विनंती आहे.

 बाहेर फळीवर रोपे ठेवली आहेत. जाताना प्रत्येकीने एक न्यावे, आणि नेण्यापूर्वी कुंडी उचलून तिचे बूड पाहावे. इतके बोलून मी माझे भाषण संपविते.